नदीची पट्टी

सौदा जमला असता, तर जुन्या पदकांच्या दुकानदाराला हातपाय न हलवता घसघशीत पैसे सुटणार होते. गिऱ्हाईक तयारच होतं: पलीकडच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. लोकांच्या दाढा उपटून मिळवलेलं तो लढायांच्या पदकांवर उधळायचा, आणि वर्षभर एकाच पट्टीसाठी झुरत होता. मोहिमेचं पदक सगळ्यांनाच मिळे. भाव ठरे तो रिबिनीवर कुठल्या लढाईची आडवी पट्टी आहे यावर. नदी ओलांडताना झालेल्या लढाईची पट्टी फार थोड्यांकडे होती, कारण त्या नदीतून परतच थोडे आले होते.

आणि आज ती पट्टी आपल्या पायांनी दुकानात चालत आली होती.

आणणारा वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीचा मुलगा. जेमतेम मिसरूड फुटलेला, रजेवर आलेला. त्याची आई दुकानातल्या पदकांना नव्या रिबिनी शिवून देई. तिच्या मशीनची घरघर दिवसभर छतातून खाली झिरपत असे.

"काका, हे विकायचंय. आईला एवढ्यात सांगू नका. सायकल दुरुस्तीच्या दुकानात भागीदारी मिळतेय. अनामत भरली की सैन्याला रामराम. नाहीतर शनिवारी पुन्हा सही करावी लागेल."

दुकानदाराने पदक उजेडात धरलं. कडेवर पोराचं नाव कोरलेलं, वर नदीची पट्टी. मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण त्या चेहऱ्यावर दिसू देईल तर तो दुकानदार कसला! गल्लीत त्याला 'नाकमुरड्या' म्हणत ते उगाच नव्हे. घ्यायच्या वस्तूला आधी नावं ठेवायची हा त्याचा शिरस्ता. कुणी सोन्याची मूर्ती आणली असती, तरी हा म्हणाला असता, नाक जरा बसकं आहे.

"हं. एकच पट्टी?"

"एकच लढाई लढलो, काका."

"अरे, एका पट्टीला कुत्रं विचारत नाही. असली ढिगाने पडलीत. दुसरी असती तर गोष्ट वेगळी."

यात खरं काहीच नव्हतं. हा नुसता पहिला डाव होता. यावर विकणारा गयावया करतो किंवा चिडतो, तरातरा दारापर्यंत जातो आणि वळतो. मग खरं बोलणं सुरू होतं. पण हा पोरगा बाजारात नाही, बराकीत वाढला होता. तिथे वरच्या अधिकाऱ्याने सांगितलं की ते तसंच असतं.

"दुसरी असली तर अनामत भागेल?"

"आरामात," दुकानदार म्हणाला. नसलेल्या वस्तूची तारीफ करायला काय जातं?

"बरं झालं विचारलं." पोराने पदक खिशात टाकलं आणि तो निघाला.

आता वळेल. दाराची घंटा वाजली. आता. पोरगा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. हाक दुकानदाराच्या ओठांवर आली होती. पण आधी हाक मारणारा सौद्यात बुडतो. उद्या येईल झक मारत, म्हणून तो काउंटर पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. शनिवारी दुपारी वरचं मशीन टाक्याच्या मध्येच थांबलं. जिन्यावर पावलं वाजली आणि शिवणवाली दारात आली.

"भाऊ, पोराने पुन्हा सही केली हो! म्हणतो, एक पट्टी आणतो आणि सुटतो. कसली मेली पट्टी? सोमवार सकाळपर्यंत सही मागे घेता येते म्हणे. तुम्ही जरा समजवा ना, तुमचं ऐकतो तो."

सांगायचं होतं ते एवढंसं. पण ते सांगायचं म्हणजे परवा मी खोटं बोललो, हे त्याच्या आईपुढे कबूल करायचं.

"तरुण रक्त आहे, ताई," तो म्हणाला. "येईल की परत."

आणि दोन पट्ट्यांचं पदक पाहून डॉक्टर कसा वेडा होईल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. लाज वाटली, पण येऊन गेलं खरं. सोमवारची सकाळ त्याने दुकान आवरण्यात घालवली.

थंडी संपता संपता शिवणवाली पुन्हा खाली आली. हातात चपटी डबी होती.

"सैन्याकडून आलंय. तो नाही आला, त्याचं म्हणून एवढंच आलं. रिबीन मी शिवली."

डबीत पदक होतं. त्यावर दोन पट्ट्या. दुकानदाराने ते उचललं, आणि काही कळायच्या आत त्याचं नाक आपोआप मुरडलं.

"शिलाई जरा तिरकी..." तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

"मशीनवर नाही घातली, हाताने शिवली," ती म्हणाली. "किती येतील याचे?"

त्याने खरा भाव सांगितला. दुकान टाकल्यापासून पहिल्यांदा.

"आणि नुसत्या पहिल्या पट्टीचे किती आले असते?"

एक लहानसं खोटं बोललं असतं, तर दोघांचंही निभावलं असतं. पण जन्मभर खोटा भाव सांगत आलेल्या जिभेला नेमका आजच तो जमेना.

"तेवढेच," तो म्हणाला. "महाग ती नदीचीच. दुसरीने काही वाढत नाही."

तिने डबी मिटली. "विकायचं नाहीये. भाव तेवढा विचारायचा होता."

ती जिना चढून गेली. बऱ्याच वेळाने वर मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. दुकानदार मान वर करून ऐकत राहिला. सौद्यात डॉक्टरचं काही गेलं नव्हतं, त्याचं स्वतःचंही नाही. किंमत मोजली होती एकट्या पोराने, एकरकमी. आणि आता वर त्याच्या आईचे हप्ते सुरू झाले होते.