हवी की नको

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरची मायबोली. आमच्या सॉफ्टवेअरमधला व्हिडिओ उलगडून दाखवणारा भाग मी तिच्यात लिहिला होता, एकेक सूचना हाताने. जिथे ती चालणार नाही तिथे अडू नये म्हणून त्याच भागाची सी भाषेतली साधी प्रतही ठेवली होती, स्टेपनीसारखी. सगळा कोड जुळवून चालतं सॉफ्टवेअर तयार करणारा ‘बिल्ड’ गरज पडली तर ती लावायचा. ऑफिसात माझं नावच ‘असेंब्लीकाका’ पडलं होतं.

एकदा मॅनेजरबाई टेबलाशी आल्या. “काका, बिल्डमध्ये असेंब्ली ऐच्छिक करा. ज्याला हवी त्याने मागून घ्यावी.”

“आणि कुणी काहीच सांगितलं नाही तर?”

“मोजून ठरवू. तुमच्याशिवाय, म्हणजे तिच्याशिवाय, वेग पडला तर ती राहील. मग तिला सांभाळायला तुम्हीही राहाल.”

घरी बायकोला सांगितलं. “सवत आहे ती माझी,” ती म्हणाली. “आयुष्यभर नांदवलीत. आता एकदा तरी तुमच्या उपयोगी पडू दे.”

मी ‘हवी’ आणि ‘नको’ असा पर्याय घातला आणि दोन्ही बिल्ड करून पाहिले. वेग सारखाच! माझंच काहीतरी चुकलं असणार, असं नेहमीप्रमाणे वाटलं. तयार झालेल्या दोन्ही फाइली ताडून पाहिल्या, तर अक्षराचाही फरक नाही. मग बिल्डला बजावलं, असेंब्ली मिळाली नाही तर पुढे जाऊ नकोस. तो जागीच थांबला: फोल्डर सापडत नाही.

कधीतरी आवराआवरीत कुणीतरी असेंब्लीच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. बिल्ड जुन्या नावाने शोधायचा आणि न सापडल्यावर मुकाट्याने स्टेपनी लावायचा. मुकाट्याने, कारण मीच तसं लिहिलं होतं. आणि लोक मला जिन्यात थांबवून सांगत, काका, काय पळतंय हो तुमचं!

नाव दुरुस्त केलं. खरी असेंब्ली बिल्डमध्ये आली आणि वेग किंचित घटला. सीचं प्रोसेसरच्या बोलीत भाषांतर करणारा कंपायलर दरम्यान माझ्यापेक्षा हुशार झाला होता. तीनदा मोजलं. चौथ्यांदा हात धजेना.

“झालं का काका?” बाई आल्या. “कुणी काहीच सांगितलं नाही तर काय धरायचं, हवी की नको?”

“नको,” मी म्हणालो.

“बरं.” त्या क्षणभर घुटमळल्या. “आपण बोलू नंतर.”

घरी चपला काढत होतो तोच बायकोने विचारलं, “काय म्हणते सवत?”

“गेली.”

ती हसता हसता थांबली. “कधी?”

“कळलंच नाही गं मला.”