मूळ वस्तू : खेळणं

वहिनींनी एकतीस वर्षं लोकांचे दात केले. त्या डॉक्टर नव्हत्या. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि लॅबमध्ये वहिनी त्या मापाची कॅप किंवा अख्खी कवळी बनवायच्या. मेणात दात कोरायचा, त्यावर चिनी मातीचे थर चढवायचे, भट्टीत भाजायचा आणि शेवटी चार केसांच्या ब्रशनं रंगवायचा.

"पांढराशुभ्र दात कुणाच्याच तोंडात नसतो, भाऊजी," त्या मला सांगायच्या. "हिरडीपाशी पिवळट, मध्ये दुधी, टोकाला जवळजवळ काचेसारखा. चहा ढोसणाऱ्याचा वेगळा, विडी ओढणाऱ्याचा वेगळा. शेजारच्या दातांत तो मिसळून गेला पाहिजे. कुणी म्हणालं ना, वा, काय सुरेख कॅप आहे, की समजायचं, काम फसलं."

मग लॅबमध्ये मशीन आलं. संगणकावर दात आखायचा, मशीन तो कोरून हातात देतं. मालकांनी वहिनींना केबिनमध्ये बोलावलं, भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं आणि म्हणाले, "पुष्कळ केलंत. आता आराम करा."

हा 'आराम' वहिनींना असा झोंबला की ते घड्याळ त्यांनी मालकांच्याच टेबलावर ठेवलं. "वेळ कळतो मला," एवढंच बोलल्या आणि जिना उतरल्या.

लॅबच्या खाली दातांचा दवाखाना होता. ताटकळणाऱ्या मुलांसाठी तिथे खेळण्यांची एक टोपली असायची. नेमकी त्या दिवशी ती टोपली कचऱ्यात निघाली होती. वहिनींनी त्यातलं एक अवकाशयान उचललं आणि पिशवीत टाकलं.

हातभर लांबीचं प्लॅस्टिकचं यान. भडक नारिंगी पंख, निळं पोट, खाली चार चाकं. पाठीवर लाल बटण, ते दाबलं की पूर्वी काहीतरी आवाज होत असणार, आता नुसती घरघर. पुढच्या खिडकीत बसलेल्या वैमानिकाचं डोकं लिंबाएवढं. आणि डाव्या पंखाच्या कडेला दातांचे व्रण. इंजेक्शनच्या भीतीनं कितीतरी मुलांनी तो पंख चावला होता.

"हे कुणासाठी?" दादानं विचारलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनींचा नवरा. स्वभावानं गरीब.

"माझ्यासाठी."

दादानं पुढे विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात तो एवढं तरी शिकला होता.

आता माझं सांगतो. आमच्याकडे हौशी मॉडेल करणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस. दरवर्षी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरतं. मी जहाजं करतो. किट आणायचं, सूचना वाचायच्या, एक नंबरचा तुकडा दोन नंबरच्या तुकड्याला चिकटवायचा. आजवर नऊ जहाजं केली, नऊही सारखीच दिसतात असं वहिनी म्हणतात.

त्यामुळे त्यांनी "तुमच्या प्रदर्शनाचा फॉर्म आणा" म्हटलं तेव्हा मला वाटलं, माझी फिरकी घेतायत.

"वहिनी, यान करायचं असेल तर मी चांगलं किट आणून देतो. हे पोरांचं खेळणं घेऊन कशाला बसताय?"

"किटमध्ये दुसऱ्या कुणीतरी आधीच डोकं चालवलेलं असतं," त्या म्हणाल्या. "माझं डोकं काय आराम करायला ठेवू?"

मी फॉर्म आणून दिला.

खिडकीजवळच्या टेबलावर काम सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे स्क्रू काढून यान दोन फाकांत उघडलं. बॅटरीची पेटी, आवाजाची चकती, वायरी बाहेर काढल्या. चाकं करवतीनं कापली. वैमानिकाचं लिंबू उपटून काढलं. "हा एवढा माणूस बसला तर यान रिक्षाएवढंच राहील," त्या म्हणाल्या. खिडकीची काच आतून काळी केली आणि तिच्यावर पट्ट्या बसवून एकाच्या सहा बारीक खिडक्या केल्या. मग यानाच्या कुशीत तांदळाच्या दाण्याएवढं एक दार कोरलं. दारापासून शेपटीकडे जाणारी केसासारख्या तारेची शिडी.

मी बघतच राहिलो. ते दार कोरल्याबरोबर यान मोठं झालं. होतं तेवढंच होतं, पण त्या दारातून माणूस आत जातो म्हटल्यावर ते एकदम तीन मजली इमारतीएवढं दिसायला लागलं.

पुढचे दोन महिने नुसतं घासणं. खेळण्याच्या कडा मुलांना लागू नयेत म्हणून गोल असतात. वहिनींनी त्या कानशीनं पातळ केल्या. स्क्रूची भोकं पुट्टी भरून बुजवली, सांध्यावर ओला पॉलिश पेपर फिरवला. दात कोरायच्या जुन्या हत्यारांनी अंगभर पत्र्याच्या जोडांच्या रेघा ओढल्या. झिजलेल्या ड्रिलच्या टोकांच्या नळ्या झाल्या, पेनच्या रिफिलींची इंजिनं झाली. चावलेला पंख मात्र त्यांनी बुजवला नाही. व्रणांच्या कडा जरा धारदार केल्या, आत करडा रंग सोडला, भोवती काजळी. उल्कांचे खडे आपटून पत्रा चेपला असावा, हुबेहूब तसा.

रंगाच्या बाबतीत तर विचारूच नका. आधी करडं अस्तर, मग पांढरा. पण एक पांढरा नाही. प्रत्येक पत्र्याचा पांढरा निराळा. एक जुना, एक परवा बदललेला, एक इंजिनाच्या धगीनं पिवळा पडलेला. रेघांत पातळ काळा रंग सोडून वरचा लगेच पुसून घेतलेला.

"इतका मळकट का करताय? नवं कोरं छान दिसलं असतं," दादा म्हणाला.

"वापरलेली वस्तू आहे ती," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "लाज कसली तिला?"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी फॉर्म बघितला. 'मूळ वस्तू' या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : खेळणं.

"वहिनी, हे खोडा. 'स्वनिर्मित' लिहा. कुणाला कळणारही नाही."

"म्हणूनच लिहिलं. एकतीस वर्षं कुणाला कळणार नाही असंच काम केलं. बास झालं."

"आमचे अध्यक्ष उभं राहू देणार नाहीत तुम्हाला."

"मी बसून घेईन."

आमचे अध्यक्ष चष्म्याचं दुकान चालवतात. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून माघारी सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात. विमानाच्या पंखाचं माप अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते. माणूस खोटा नाही, पण कडक. मी त्यांना टरकतो, हे उघड गुपित आहे.

सकाळी वहिनींनी खोक्यातून यान काढून नोंदणीच्या टेबलावर ठेवलं. फूटपट्टी वाकले. डोळ्याला भिंग लावलं. शिडी पाहिली, दार पाहिलं, चेपलेला पंख पाहिला. मग पुन्हा शिडी पाहिली.

"सुरेख," अखेर म्हणाले. "कुठलं किट?"

वहिनींनी फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि भिंग खाली ठेवलं.

"खेळणं? बाई, खेळण्यांचं टेबल तिकडे, दाराशी."

दाराशी लहान मुलांनी ठोकळ्यांची घरं मांडली होती.

"हे तिकडे जाणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"नियम आहे."

"कुठला? वाचून दाखवा."

"सगळ्यांना माहीत आहे. आम्ही मॉडेलं मांडतो, खेळणी नाही."

"मग पाच मिनिटं भिंग लावून काय बघत होतात?"

मागे रांग लागली होती. तोफा, आगगाड्या, विमानं हातात धरून माणसं कान देऊन ऐकत होती. फूटपट्टींचे कान लाल झाले.

"हे बघा, तुमच्या वयाला हा छंद कौतुकास्पद आहे..."

"माझं वय फॉर्मवर विचारलेलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "चिटणीस, नियम तुम्ही लिहिलेत ना? वाचा."

भाऊजी नाही, चिटणीस. नियमांचा कागद माझ्याच हातात होता. फूटपट्टी माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरेचा अर्थ मला लख्ख कळत होता. आयुष्यभर मी अशा नजरेपुढे 'बरं, बरं' म्हणत आलो. आताही म्हणणारच होतो. पण वहिनींचे हात दिसले. टेबलाच्या कडेवर टेकलेले, नखांत दोन महिन्यांचा करडा रंग.

मी वाचलं. आवाज चिरकला, पण वाचलं. "नियम चौथा. मॉडेलचं जोडकाम, पृष्ठभागाचं काम आणि रंगकाम स्पर्धकानं स्वतःच्या हातानं केलेलं असावं. मूळ वस्तू कोणती याची नोंद करावी." थांबलो, आणि मग न विचारता पुढे म्हणालो, "मूळ वस्तू काय असावी, याबद्दल काही म्हटलेलं नाही. आणि स्वतःच्या हाताचंच म्हणाल तर माझ्या नऊ जहाजांत मिळून नसेल एवढं काम यांच्या यानाच्या एका पंखात आहे."

रांगेत कुणीतरी हसलं. पण फूटपट्टी हसले नाहीत. त्यांनी फॉर्मवर सही केली, यान स्वतः उचललं आणि अवकाशयानांच्या टेबलावर नेऊन मांडलं. उचलताना दोन्ही हात लावले, हे मी पाहिलं.

दुपारी बक्षिसं जाहीर झाली. परीक्षक तिघे, त्यांत फूटपट्टी मुख्य. अवकाशयानांत पहिलं आलं ते एक महागडं किट, आरशासारखं चकचकीत. मग ध्वनिक्षेपकावर वहिनींचा उल्लेख झाला. "उत्तेजनार्थ! निवृत्तीनंतरही उमेद न हरणाऱ्या एका ज्येष्ठ गृहिणीचं कौतुक म्हणून!"

टाळ्या पडल्या. दादानंही जोरात वाजवल्या, बिचाऱ्याला आनंद झाला होता. वहिनी व्यासपीठावर गेल्या. प्रमाणपत्र पुढे आलं, त्यांनी हात मागे घेतला.

"हे मला नको."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. त्यांना माईकची गरज पडली नाही.

"मी गृहिणी आहेच, पण एकतीस वर्षं दात बनवणारी कारागीर आहे. माझं काम बसलं नाही तर ते परत यायचं. सोबत चिठ्ठी असायची. इथे उंच आहे, इथे रंग चुकला, इथे चावताना लागतं. माझी उमेद बघून कुणी वाकडी कॅप तोंडात ठेवून घेतली नाही. माझं यान कमी पडलं असेल तर कुठे कमी पडलं ते लिहून द्या. कौतुक नको, चुका सांगा."

आणि खाली उतरल्या. प्रमाणपत्र फूटपट्टींच्या हातात तसंच राहिलं. दादा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "अरे, घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" मलाही आधी तसंच वाटलं होतं.

संध्याकाळी आम्ही टेबलं आवरत होतो. फूटपट्टी आले. खिशातली पट्टी काढून यानाजवळ उभे राहिले, इकडून मोजलं, तिकडून मोजलं, मान तिरकी करून बघितलं. पंधरा-वीस मिनिटं तरी लागली असतील. मग खुर्चीत बसून एका कागदावर लिहिलं, घडी घातली आणि वहिनींच्या हातात दिली. "माझी चूक झाली" असं काही ते बोलले नाहीत. "तीन आहेत," एवढंच म्हणाले.

वहिनींनी कागद तिथेच उघडला. एक : उजवं इंजिन डाव्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली. दोन : शेपटीजवळचा सांधा उजेडात दिसतो. तीन : इंजिनाच्या धुराची काजळी शेपटीऐवजी तोंडाकडे गेली आहे.

घरी गेल्यावर त्यांनी पदर खोचला आणि पट्टी घेऊन बसल्या. इंजिन खरंच दीड मिलिमीटर खाली होतं. सांधाही दिव्याखाली दिसला. वहिनींचा चेहरा असा फुलला की दादा गोंधळून गेला.

"पकडलं की हो!" त्या म्हणाल्या. "माझ्या नजरेतून सुटलं आणि त्यांनी पकडलं!"

"मग आता?"

"दोन कबूल. तिसरं नाही. काजळी बरोबर आहे. हे यान तोंड वर करून शेपटीवर उतरतं, म्हणून जमिनीवर आपटलेला धूर उलटून तोंडाकडे येतो. शिडी शेपटीकडे उतरते ते बघितलं नाही त्यांनी."

आठवडाभरात इंजिन काढून पुन्हा बसवलं, सांधा नव्यानं घासला. मग यान खोक्यात घातलं, वर नियमांचा कागद, त्यावर फूटपट्टींची चिठ्ठी, आणि मला म्हणाल्या, "चला भाऊजी, चष्म्याच्या दुकानात."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. वहिनींनी काउंटरवर चष्म्यांच्या केसेस बाजूला सारून यान ठेवलं. फूटपट्टींनी गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा तसाच अर्धवट सोडला.

"तिसरा मुद्दा मागे घ्या," वहिनी म्हणाल्या.

"अजिबात नाही," फूटपट्टी म्हणाले आणि भिंगासाठी खण उघडला. "काजळी मागेच जाते. कुठेही जा."

"उतरताना?"

"उतरताना म्हणजे?"

"म्हणजे बसा आणि ऐका."

ते बसले. त्यांनी वहिनींसाठी आतून एक स्टूल मागवलं. दोन्ही गिऱ्हाइकं चष्मा विसरून काउंटरवर वाकली आणि मी दाराशी उभा राहून आत येणाऱ्या तिसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं की जरा वेळ लागेल.