उष्टी थाळी

आमचे मास्तर चांद्याच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि घरी स्थिरचित्रं काढत. म्हणजे मातीची सफरचंदं, मातीची द्राक्षं आणि खाली निळं फडकं. चांद्यात सफरचंद खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता, पण मास्तरांना सांगणार कोण? मी त्यांची बायको. मला रंगातलं काय कळतं, हे ते रोज ऐकवत.

छप्पन साली नागपूरच्या प्रदर्शनातून त्यांची सफरचंदं परत आली. सोबत निरोप होता : चित्रात जीव नाही, काढणाऱ्याचं घर दिसत नाही. मास्तर बरेच दिवस तोंड फुगवून होते. मग त्यांना एकदम घर दिसायला लागलं. सूप, पाटा, माझी फणीसुद्धा उचलून खिडकीत मांडली.

एका दुपारी ते मरळ मासोळीचा रस्सा-भात खाऊन उठले. आमच्यात नवऱ्याच्या उष्ट्या थाळीत बायकोनं जेवायचं. मी थाळी ओढली.

"हात नको लावू. उजेड बेस पडून राह्यला."

"मले भूक लागली ना जी."

"थांब थोडी. जेवण काई पळून नाई चाललं."

थाळीत काटे, चार शितं आणि रश्श्याचा लाल ओघळ. मास्तर ढेकर देत रंगवत बसले. त्या उष्ट्यात त्यांना घर दिसत होतं, दारात उपाशी बसलेली बाई दिसत नव्हती. मला किळस आली त्यांची.

ते रंगाचं पाणी बदलायला विहिरीवर गेले, तशी मी थाळीत भात घेतला, रस्सा ओतला आणि जेवले. बोटांनी थाळी निपटून काढली.

परत आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. पण उजेड जाईल म्हणून नवा कागद लावला आणि समोर होतं ते काढलं : रिकामी थाळी, तिच्यात माझ्या बोटांचे माग.

पुढं नागपूरचे एक परीक्षक घरी आले. त्या चित्रापुढून हलेचनात. "इथं कोणीतरी फार भुकेलं बसलं होतं," ते म्हणाले.

मास्तर लाजले. "माझीच थाळी. जेवता जेवता सुचलं."

पाहुणे चित्र घेऊन गेले. मी चुलीपाशी दुसरी थाळी घेतली, वाढून घेतलं आणि जेवायला बसले. मास्तर पाटावर येऊन टेकले.

"मले काऊन नाई वाढून राह्यली?"

"उजेड बेस हाये जी," मी घास चावत म्हटलं. "थांबा थोडे."