सतरा नंबरची डबी

सतरा नंबर पुन्हा गप्प झाला, तशी तिने कपाळाला हात लावला.

मुठीएवढ्या छत्तीस डब्या तिने अख्ख्या मजल्यावर भिंतींना चिकटवल्या होत्या, प्रत्येकीत दोन सेल. डबीने हवेचं तापमान मोजायचं आणि निरोप शेजारच्या डबीला द्यायचा. तिने पुढच्या शेजारणीला, असं करत खिडकीतल्या मोठ्या डबीपर्यंत. शेजारीण कुठली निवडायची ते प्रोटोकॉल, म्हणजे डब्यांच्या बोलण्याचे नियम, ठरवतो. असे दोन प्रोटोकॉल होते. एक जुना, सगळे वापरतात तो. दुसरा तिचा, पोटुशी असल्यापासून लिहीत आणलेला. कमी बोलून सेल वाचवायचे आणि तरी निरोप पोचवायचे, एवढंच त्याने करायचं होतं. जुन्याचे शंभरातले अठ्ठ्याण्णव पोचले. तिचे एक्क्याऐंशी.

लेखासाठी चारपर्यंत आकडे पाठव आणि नव्याचा नाद सोड, असं तिच्या गाईड सरांनी सकाळीच सांगितलं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस असंही म्हणाले, तेच जास्त लागलं.

तिने सेल तीनदा बदलले होते, डबीही बदलली होती, प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली होती. आज पाळणाघर बंद, म्हणून अकरा महिन्यांची ठमाबाई कडेवर. पाण्याच्या मशीनशेजारी, सतरा नंबरच्या पुढ्यात लॅपटॉप टेकवून ती उभी होती. ठमीला खाली सोडलं, तर ती थेट वायरीकडे निघाली. आई मागे धावली. मागे वळून लॅपटॉपकडे बघते तो सतरा नंबर हजर. परत येऊन उभी राहिली, की गायब. तिने ठमीला घेऊन चारदा येरझारा घातल्या.

माणसाचं अंग पाण्याचं. डब्यांच्या रेडिओलहरी त्यात मुरतात. प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात तिने हे स्वतः लिहिलं होतं. आणि इथे तर दिवसभर बाटल्या घेऊन रांग. मग जुन्याला कसं जमलं? तिने तारखा काढल्या. जुन्याची चाचणी सुट्टीच्या आठवड्यात, इमारत ओस असताना झाली होती. लवकर घरी जाता येईल म्हणून तो आठवडा तिनेच निवडला होता.

हे ऐकून सरांनी चष्मा काढला. "म्हणजे नवा चांगला?"

"माहीत नाही, सर. कुठल्याच आकड्याला अर्थ नाही. एकेक तास आलटून पालटून, गर्दीतच चालवायला हवेत. दोन आठवडे."

म्हणजे लेखाची मुदत गेली, हे दोघांनाही कळलं. ठमीने सरांचं पेन पळवलं.

"बाळ व्हायच्या आधी अशा चुका करत नव्हतीस तू."

"तेव्हा सापडत नव्हत्या, सर."

बहात्तर सेल बदलता बदलता तिची नखं दुखायला लागली. पहिला तास जुन्याचा. तीनला पाण्यापाशी रांग लागली आणि जुन्याचाही सतरा नंबर गप्प झाला. पण जरा वेळाने त्याने दुसरी शेजारीण गाठली. तिच्या प्रोटोकॉलला हे जमेल? तो एकदा धरलेली शेजारीण सहजी सोडत नाही. सेल वाचावेत म्हणून तिनेच त्याला तसं शिकवलं होतं.

पुढचा तास तिचा होता. ठमी खांद्यावर झोपली होती. आपणही निरोपाच्या मध्ये येऊ नये म्हणून ती रांगेपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.