मागे घेतलेले शब्द

बॅरिस्टर मंत्री झाले ते तोंडाच्या जोरावर, हे त्यांचे विरोधकही मान्य करायचे. त्यांचं नाव झालं मात्र एका साध्या घड्याळजीच्या खटल्यात. शेजारच्या सावकाराच्या खुनाचा आळ त्याच्यावर आला होता आणि पोलीस ठाण्यात बडवून बडवून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायला लावली होती. बॅरिस्टरांनी फौजदाराची दोन दिवस उलटतपासणी घेतली आणि त्या कबुलीच्या चिंध्या केल्या. खुनी कधीच सापडला नाही, पण घड्याळजी सुटला. त्या निकालाने बॅरिस्टरांना निवडणुकीत नेलं आणि निवडणुकीने मंत्रिमंडळात.

वीस वर्षांनी सरकारने नवं विधेयक आणलं: पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालावी. ते मांडायचं काम नेमकं बॅरिस्टरांच्या गळ्यात पडलं. नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत.

विरोधी बाकावरच्या एका बाईंनी त्यांचंच त्या खटल्यातलं जुनं भाषण वाचून दाखवलं. "मार खाणारा माणूस खरं बोलत नाही, मार थांबेल ते बोलतो. हे शब्द कोणाचे, मंत्रिमहोदय?"

"माझेच," बॅरिस्टर शांतपणे म्हणाले. "पण तेव्हा माझं तोंड भाड्याने दिलेलं होतं. आणि आपल्यात म्हणून सांगतो, त्या घड्याळजीने काहीच केलं नव्हतं यावर मी तेव्हाही पैज लावली नसती."

सभागृह खो खो हसलं. विधेयक मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी बायकोने वर्तमानपत्र वाचून बाजूला ठेवलं. "अहो, निकालाच्या दिवशी तुम्ही घरी येऊन रडला होतात. निष्पाप माणूस वाचला म्हणालात."

"सभागृहात असं बोलावं लागतं गं."

तिने वर्तमानपत्र उचलून रद्दीत टाकलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा जुना कारकून बंगल्यावर आला. "साहेब, घड्याळजीकडे आता कोणी घड्याळ टाकत नाही. लेकीची सोयरीकही मोडली."

बॅरिस्टर गाडी लांब उभी करून दुकानात गेले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता, पण पुढ्यात एकही घड्याळ नव्हतं. त्याने उठून खुर्ची पुसली.

"साहेब, एकच विचारतो. खटल्याच्या वेळी मीच खून केला असेल, असं तुम्हाला मनातून वाटत होतं?"

"नाही. एकदाही नाही."

"मग बोललात का?"

बॅरिस्टरांनी खाली पाहिलं. "लोक हसावेत म्हणून," ते म्हणाले.

घड्याळजीने मान हलवली. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या अधिवेशनात त्यांनी निवेदन केलं आणि शब्द मागे घेतले. बाक निम्मे रिकामे होते. एकाही वर्तमानपत्राने ओळ छापली नाही. पक्षाध्यक्षांनी मात्र फोन करून विचारलं, "हे काय खूळ?" महिन्याभरात खातं गेलं.

मग एका सकाळी बॅरिस्टर एकटेच घड्याळजीच्या गल्लीत आले आणि दुकानामागून दुकान चढू लागले. "मी सभागृहात खोटं बोललो. तो माणूस निर्दोष आहे," एवढंच ते सांगत. शिंप्याने पाणी दिलं. औषधवाल्याने नुसतं ऐकून घेतलं. चपलांच्या दुकानातल्या म्हातारीने त्यांना नीट न्याहाळलं.

"कोर्टात एक बोललात, सभागृहात दुसरं. आजचं तरी खरं कशावरून?"

आयुष्यभर साक्षीदारांना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

"मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "त्याला वीस वर्षं तुम्ही ओळखता, त्याच्यावर ठेवा."

म्हातारीने पुढ्यातली चप्पल पुसायला घेतली. बॅरिस्टर पायऱ्या उतरले. गल्लीत अजून अकरा दुकानं होती.