हुश्श म्हणजे पूर्णविराम

“हुश्श!” साहेब खुर्चीत टेकले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपोआप पूर्णविराम उमटला.

नवा प्रोग्रॅम विकायला आलेला टायवाला खुलला. “बघितलंत? दम टाकला की वाक्य संपतं. आमच्या लोकांनी वर्षभर डोकं खपवून काढलेली सोय आहे ही.”

मागच्या टेबलाशी बसलेल्या ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सोय नव्हती, चूक होती. आणि चूक खुद्द ताईंची होती.

ताई ऑफिसातल्या टंकलेखिका. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पत्रं बडवली. मग संधिवाताने बोटं अशी आखडली, की कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय उरली नाही. त्यांचा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने आणि जगभरातल्या सोळा अनोळखी माणसांनी मिळून एक प्रोग्रॅम बांधला. आपण बोलायचं, कॉम्प्युटरने ऐकायचं. कुणीही फुकट घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एकच, राबलेल्यांच्या नावांची यादी पुसायची नाही. त्याला आपली भाषा कळावी म्हणून ताईंनी स्वयंपाकघराचं दार लावून दोन हजार वाक्यं वाचून दिली. प्रत्येक वाक्याशेवटी त्या नकळत “हुश्श” म्हणत. प्रोग्रॅम तेही शिकला. भाऊ ते काढून टाकणार होता.

“राहू दे रे,” ताई म्हणाल्या होत्या, “तेवढंच एक माझ्या वळणावर गेलंय.”

ताई ऑफिसात त्याच्यावरच काम करू लागल्या, तर तोच प्रोग्रॅम याच साहेबांनी काढायला लावला. “फुकटातलं आहे, ताई. उद्या काही झालं तर धरायचं कुणाला?” वर टाइप होत नसेल तर महिनाअखेर घरी बसा, असं पत्रही दिलं. ते पत्र टाइप केलं ताईंनीच. एका बोटाने.

आज मात्र साहेब खुशीत होते. त्यांनी शिफारशीचा एक कागद पुढे सरकवला. “तुमची खुर्ची शाबूत राहिली बघा! फक्त इथे सही करा. वापरून पाहिलं, यांच्या कंपनीने स्वतः बनवलंय, छान चालतं, बस्स.”

“नावांची यादी कुठाय?” ताईंनी विचारलं.

“कसली यादी?” टायवाला म्हणाला.

“माझ्या भावाचं नाव होतं त्यात. माझंही होतं. तो हुश्श माझा आहे हो!”

“मॅडम, हुश्श काय, सगळेच म्हणतात.” कुणीतरी फिसकन हसलं.

साहेबांनी आवाज खाली आणला. “ताई, कशाला वाकड्यात शिरता? नोकरी वाचतेय ना? फुकट वाटलेल्या गोष्टीवर कसला आलाय हक्क?”

“फुकट दिलं होतं, साहेब. टाकून नव्हतं दिलं.”

ताईंनी कागद पुढ्यात ओढला. पेन बोटांत बसेना, म्हणून त्यांनी ते मुठीत धरलं. ‘कंपनीने स्वतः बनवलंय’ यावर आडवी रेघ मारली आणि खाली भावाचं नाव लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. यादी त्यांना पाठ होती. सहीसाठी ठेवलेली जागा कधीच संपली, तेव्हा त्या समासात शिरल्या.

“ताई, पुरे,” साहेब दोनदा म्हणाले. टायवाल्याने घड्याळ पाहिलं.

नववं नाव अर्ध्यावर असताना पेन निसटून टेबलाखाली गेलं. कुणी उचललं नाही. ताई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, पेन शोधून वर आल्या आणि राहिलेली अक्षरं लिहू लागल्या.