जुलैमधले धुके

पडदा सरकवण्यापूर्वीच उजेड आत आलेला होता. कापड आणि गालिचा यांच्यामध्ये बोटभर फट राहते, तिथून तो दबकत शिरला, पलंगाच्या पायापाशी थोडा रेंगाळला, रोस्विताच्या सपातांवर चढला आणि मग सावकाश भिंतीवरच्या चित्राकडे गेला. चित्रात एक मठ होता. तो उजेडात विरघळून गेला आणि मागे सोनेरी चौकट तेवढी राहिली. पाण्यावरून परतून येणाऱ्या उजेडाला एक खोड असते, तो छतावर थरथरत राहतो. हा थरथरत नव्हता. साय धरलेल्या दुधासारखा तो छतभर पसरला होता. मऊ, कडा नसलेला, कोणत्याही एका वस्तूवर विशेष मर्जी न दाखवणारा. कपाट, खुर्ची, खुर्चीवरचा कोट, सगळ्यांना त्याने सारख्याच मायेने पुसट करून टाकले होते. कोर्बिनियान आयखिंगर उताणा पडून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. अडतीस वर्षे त्याने या नदीवर खनिजाचे आणि धान्याचे बार्ज हाकले होते. असा उजेड कशाचा असतो हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

"धुकं," तो म्हणाला.

शेजारच्या पलंगावर रोस्विता चष्मा चाचपडत होती. तो सापडल्यावर तिने खिडकीकडे पाहिले. पाहायला तिने बराच वेळ घेतला.

"असेल," ती म्हणाली.

जुलैचा दुसरा आठवडा होता. बोट लिंझच्या धक्क्याला लागलेली होती आणि वरच्या डेकवर लोक टोप्या शोधत होते.

ही सहल म्हणजे त्यांच्या मुलीची, गुड्रूनची, भेट होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली म्हणून पासाऊ ते व्हिएन्ना, बसल्या जागी. "आयुष्यभर नदीवर उभे राहिलात बाबा, आता जरा बसून जा," ती म्हणाली होती. "बसून माल जातो," कोर्बिनियानने उत्तर दिले होते. पण तिकिटे आलेली होती, आणि शिवाय किल्लीचा प्रश्न होता.

किल्ली त्याच्या होडीची. निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे घालवून त्याने लार्चच्या लाकडाची ती होडी स्वतः बांधली होती, आणि ओबर्नत्सेलला घराखालच्या काठाला ती बांधलेली असे. एप्रिलात एका सकाळी त्याने ती रोइंग क्लबच्या धक्क्यावर नेऊन आदळली. इजा कोणाला झाली नाही. जिरेनियमची एक कुंडी तेवढी गेली. त्या दिवशी धुके होते आणि क्लबने धक्का पुढे सरकवला होता, असे कोर्बिनियानचे म्हणणे पडले. क्लबचा सेक्रेटरी शाळेपासूनचा ओळखीचा. त्याने अतिशय सभ्य पत्र पाठवून कळवले, की धक्का एकोणीसशे शहाण्णवपासून आहे तिथेच आहे. हवामानाबद्दल त्याने काही लिहिले नव्हते. त्यानंतर गुड्रून आउग्सबुर्गहून आली, तिने डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि किल्ली आईच्या हवाली केली. तेव्हापासून ती रोस्विताच्या चष्म्याच्या घरात होती.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," पासाऊला बोटीत चढताना कोर्बिनियान म्हणाला होता. "इथून व्हिएन्नापर्यंत काठावरची प्रत्येक पाटी वाचून दाखवतो. एक जरी चुकली तरी जाईन तुझ्या डॉक्टरकडे."

"आणि नाही चुकली तर?"

"किल्ली."

"बरं," रोस्विता म्हणाली. "रात्रीच्या पाट्या धरायच्या नाहीत. उगाच जागशील."

काठावर दर किलोमीटरला पाटी असते. आकडे समुद्रापासून वर मोजलेले, त्यामुळे प्रवाहाबरोबर जाताना ते कमी कमी होत जातात. माणूस जसजसा पुढे जातो तसतसे त्याच्यापुढचे कमी होत जावे, हे कोर्बिनियानला नेहमीच रास्त वाटत आले होते.

लिंझ सोडल्यावर तो डेकवर कठड्यापाशी खुर्ची टाकून बसला. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या सोबत लूडेके नावाचे गृहस्थ होते. ते ग्योटिंगनच्या शाळेत भूगोल शिकवत आणि आता विधुर होते. त्यांच्या मोबाइलवर बोट कुठल्या किलोमीटरला आहे ते दिसे. पैजेचे कळल्यावर त्यांनी पंचाचे काम आपण होऊन अंगावर घेतले होते.

"दोन हजार एकशे एकोणीस," कोर्बिनियान म्हणाला.

लूडेकेंनी मोबाइल उन्हातून सावलीत नेला. "बरोबर. थोडं आधीच सांगितलंत."

"नजर लांबची आहे."

ती पाटी त्याला दिसली होती का, हे कोणी विचारले असते तर त्याने होय म्हटले असते आणि ते त्याला खोटेही वाटले नसते. बंधारा जवळ आला की पाणी जड होते आणि इंजिन आवाज उतरवते. पुलाची सावली आधी मानेवर पडते, मग गुडघ्यांवर. अमुक गावच्या चर्चची घंटा डाव्या कानात वाजते आणि बरोबर पाच मिनिटांनी एक पाटी येते, ती त्याच्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. इतक्या वर्षांनंतर पाहणे आणि ठाऊक असणे यांच्यात फरक तो काय उरतो, असे त्याला वाटे. एखाद्या जुन्या मित्राचा चेहरा आपण दर भेटीत नव्याने थोडाच वाचतो. तो पांढुरक्या काठाकडे तोंड करून बसे, पांढुरक्यातून आकडे एकामागून एक वर येत, आणि ते सगळे बरोबर असत.

दुसऱ्या सकाळी ग्राइनला धुके होते. तिसऱ्या सकाळी मेल्कला होते, आणि त्या दिवशी न्याहारीला कोर्बिनियानने तो विषय टेबलावर काढला.

"जुलैत सलग तीन दिवस धुकं. माझ्या सबंध नोकरीत एकदाच पाहिलं असं, बहात्तर साली."

"धुकं?" लूडेके खिडकीकडे वळले. बाहेर मठाच्या घुमटावर ऊन असे लखलखत होते की त्यांना डोळे बारीक करावे लागले. "कुठं आहे—"

"लूडेकेसाहेब," रोस्विता म्हणाली, "तुमचं अंडं गार होतंय."

"मी अंडं घेतलेलंच नाही."

"मग घ्या."

लूडेकेंनी तिच्याकडे पाहिले, उठले आणि अंडे घेऊन आले. न्याहारी संपेपर्यंत ते फक्त मिठाविषयी बोलले.

त्याच दुपारी कॉफीच्या वेळी कोर्बिनियानने सफरचंदाच्या श्ट्रूडेलवर घट्ट क्रीम घेतले. ते क्रीम नव्हते. थंड मांसासोबत खायची ती मुळ्याची पांढरी, झणझणीत चटणी होती आणि त्याने ती तीन चमचे घेतली होती. पहिल्या घासाला त्याचे कान लाल झाले. तो खात राहिला. रोस्विता हनुवटीखाली हात ठेवून पाहत होती.

"कसा आहे?"

"घरच्यासारखा," कोर्बिनियान म्हणाला आणि डोळे पुसले.

"अजून देऊ क्रीम?"

"पुरे. वयाला जड जातं."

संध्याकाळपर्यंत ड्यूर्नश्टाइनचा निळा मनोरा मागे पडला. तोवर उजेडात आलेल्या सगळ्या पाट्या झाल्या होत्या आणि एकही चुकलेली नव्हती. लूडेकेंनी ते जाहीर केले, पण एखाद्या मुलाने कॉपी केलेली कळूनही त्याला पहिला नंबर द्यावा लागतो तशा आवाजात. कोर्बिनियानने वाइनचा पेला उचलला. होडीचा तळ सप्टेंबरच्या आत रंगवून घ्यायला हवा, असे तो म्हणाला. रोस्विताने चष्मा पुसला, घरात ठेवला, आणि घराचे झाकण टक्कन मिटले.

चौथी सकाळ क्रेम्सला उजाडली. पहाटे कधीतरी बोटीला काहीतरी हलकेच टेकल्याचे त्याला झोपेत जाणवले होते. तेवढा हिसका त्याने चालू असलेल्या स्वप्नात वापरून टाकला. आता तो उठला आणि अंगातली बनियन आणि पायजम्याखालची लांब चड्डी एवढ्याच वेषात पडद्यापाशी गेला. पडदा सरकवला. काचेचे दार बाजूला केले. बाहेर कठडा होता, त्यावर त्याने दोन्ही हात ठेवले आणि खोल श्वास घेतला.

असे पांढरे त्याने या सहलीत पाहिले नव्हते. ते कठड्यापासूनच सुरू होत होते.

"आज तर दाट आहे," तो म्हणाला. "पण सुटेल. पलीकडच्या काठाची झाडं ओळखू येतात."

"किती आहेत?" रोस्विताने पलंगावरून विचारले.

"पॉप्लर. दोन तर स्पष्ट आहेत."

"आणि पाटी?"

"आहे ना. दोन हजार दोन."

रोस्विता उठून बसली. तिने चादर नीट केली. मग म्हणाली, "कोर्बी, पायजमा घाल."

"धुक्यात कोण बघायला बसलंय?"

"समोरची बाई."

"कुठली समोरची?"

"तुझ्यापासून हातभर अंतरावर आहे. कॉफी पितेय. तिनं हात केला, म्हणून मीही केला."

कोर्बिनियान हसला. बायकोचा विनोद त्याला आवडत असे. तेवढ्यात दोन पॉप्लरांपैकी एकाने घसा खाकरला आणि शुभ सकाळ म्हटले.

कोर्बिनियानने उजवा हात पुढे केला. समोर काय आहे ते चाचपून पाहावे, एवढाच त्याचा हेतू होता. पण तो हात कोणीतरी मध्येच धरला, मनापासून दाबला आणि दोनदा हलवला. हात ऊबदार होता, त्यावर अंगठी होती.

"आम्ही कासेलचे," हात म्हणाला. "पहाटे पाचला तुमच्या बाजूला येऊन लागलो. धक्क्यावर जागाच नाही म्हणे, म्हणून बोटीला बोट. काही म्हणता काही दिसत नाही हो इथून. फक्त तुम्हीच."

"आयखिंगर," कोर्बिनियान म्हणाला. दुसरे काय म्हणावे ते त्याला सुचले नाही. "ओबर्नत्सेलचा."

"छान गाव आहे," बाईचा आवाज आला. तो इतका जवळून आला की कॉफीचा वासही त्याच्यासोबत आला. "तुमची बोट आमच्याहून उंच आहे ना, तुम्हाला आकाश दिसत असेल. आमच्या पुढे तुमची भिंतच येते. हवा कशी आहे हो आज? बाहेर पडायला छत्री घ्यावी का?"

कोर्बिनियान कठडा धरून उभा राहिला. समोरच्या पांढऱ्यात त्याला आता एक पांढरा पडदा असावा असे वाटत होते, आणि त्याच्या मागे पांढरी भिंत, आणि तिच्या वर कुठेतरी आकाश. ती बाई वाट पाहत होती. साधा प्रश्न होता, नदीवरच्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून विचारावा असा.

"थांबा," तो म्हणाला. "विचारून सांगतो."

तो वळला. रोस्विता पलंगाच्या काठावर बसली होती. तिच्या जागी एक करडी, थोडी वाकलेली आकृती होती, आणि ती तीच आहे हे त्याला ठाऊक होते.

"हवा कशी आहे?"

"स्वच्छ," रोस्विता म्हणाली. "एक ढग नाही. छत्री नको म्हणावं."

त्याने तसे सांगितले. कासेलच्यांनी आभार मानले. त्याने दार लावले, पडदा ओढला, आणि खुर्ची कुठे आहे ते पायाने बघून तिच्यात बसला.

रोस्विता उठली आणि तिने चष्म्याचे घर त्याच्या मांडीवर ठेवले. "किल्ली आत आहे. दिवसाची एकही पाटी तू चुकला नाहीस. ठरलं म्हणजे ठरलं."

त्याने झाकण उघडले. किल्ली बोटांना लागली, तिच्या कडीत अडकवलेले बूचही लागले. पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून त्यानेच ते अडकवले होते. तो बुचावरून थोडा वेळ अंगठा फिरवत राहिला. मग त्याने झाकण मिटले आणि घर तिच्या हातात परत दिले.

"व्हिएन्ना अजून यायचंय," तो म्हणाला.

"तू म्हणशील तसेच येतील आकडे. मला माहीत आहे, म्हाताऱ्या."

"गुरुवारी कितीला बोलावलंय डॉक्टरनं?"

"दहा वीसला. गुड्रून गाडी घेऊन येणार आहे."

"ती फार जोरात चालवते."

"तिला दिसतं," रोस्विता म्हणाली.

बाहेर, हातभर अंतरावर, बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला.

"कालही ऊन होतं?"

"कालही."

"लिंझलाही?"

"लिंझलाही. नाक सोललंय तुझं."

"मग तू 'असेल' का म्हणत होतीस?"

"तू विचारत नव्हतास, कोर्बी. तू सांगत होतास."

तिने त्याचा पायजमा खुर्चीच्या पाठीवरून काढून त्याच्या हातात दिला आणि आपली दुसरी सपात शोधायला वाकली. उजेड पडद्याखालून पुन्हा आत आलेला होता आणि पूर्वीसारखाच, कोणावरही विशेष मर्जी न दाखवता, सगळ्यावर पसरत होता. कोर्बिनियानने एक पाय पायजम्यात घातला आणि तसाच थांबला.

"आणि एप्रिलात?" त्याने विचारले.

रोस्विता पलंगाखाली पाहत होती. उत्तर त्याला नको होते. एप्रिलात ऊन होते. धक्का एकोणीसशे शहाण्णवपासून तिथेच होता आणि त्याला तो दिसला नव्हता.